कातडी मागे जात नाही : फायमोसिसच्या उपचाराची दोन हजार वर्षे



काही तक्रारी अशा असतात की रुग्ण सर्दी, खोकला, गुडघेदुखी सगळे सांगून झाल्यावर, खुर्चीवरून उठता उठता, आवाज खाली आणून विचारतो. आजचा विषय त्यातलाच आहे. शिश्नाच्या टोकावरची कातडी मागे न जाणे, म्हणजे फायमोसिस. लहान मुलांच्या बाबतीत हा प्रश्न आई किंवा आजी विचारते, मोठ्या माणसांच्या बाबतीत बहुधा कुणीच विचारत नाही.

उपचारांची माहिती या लेखात आहेच, पण ती मी इतिहासाच्या वाटेने सांगणार आहे. "याला ऑपरेशन लागेल का?" आणि "तेल लावून रोज थोडी थोडी ओढायची का?" हे दोन प्रश्न फार जुने आहेत. त्यांची उत्तरे काळाप्रमाणे बदलत गेली. ती का बदलली हे समजले की आज आपल्या मुलासाठी किंवा स्वतःसाठी निर्णय घेणे बरेच सोपे जाते.

नाव कुठून आले?

मळणीच्या वेळी बैलाने धान्यात तोंड घालू नये म्हणून त्याच्या तोंडाला मुसके बांधतात, हे आपल्याला माहीत आहे. ग्रीक भाषेत या मुसक्याला 'फिमोस' म्हणतात. त्यावरून 'फायमोसिस' हा शब्द आला. शिश्नाचे गोल टोक म्हणजे मणी, आणि त्याला कातडीचे मुसके बांधल्यासारखे झाले आहे, अशी ही कल्पना. पहिल्या शतकातल्या सेल्सस या रोमन लेखकाने आपल्या वैद्यकावरील ग्रंथात ही कातडी कापून मोकळी करण्याची शस्त्रक्रिया सांगितली आहे.

सुश्रुतांची नळी

आपल्याकडे सुश्रुतसंहितेत याच विकाराला 'निरुद्धप्रकश' म्हटले आहे. क्षुद्ररोगांच्या, म्हणजे किरकोळ गणलेल्या रोगांच्या यादीत तो येतो. कातडी मण्याला आवळून बसते, लघवीची वाट अडते, धार बारीक होते, पण वेदना नसते आणि मणी उघडा होत नाही, असे त्याचे वर्णन आहे. आजच्या पाठ्यपुस्तकातही याहून फार वेगळे वर्णन सापडणार नाही.

उपचार पाहण्यासारखा आहे. दोन्ही टोकांना तोंड असलेली, लोखंडाची, लाकडाची किंवा लाखेची नळी घ्यावी, तिला तूप लावावे आणि ती कातडीच्या तोंडात बसवावी. वर स्निग्ध पदार्थांचे सिंचन करावे. त्यात शिशुमार नावाच्या जलचराची आणि डुकराची चरबी आहे, वातनाशक औषधांनी सिद्ध केलेले तेलही आहे. दर तीन दिवसांनी आधीपेक्षा जाड नळी घालावी आणि अशी वाट हळूहळू रुंद करावी. पर्याय म्हणून छेदही सांगितला आहे, पण खालच्या बाजूची शिवणीसारखी रेष, म्हणजे सेवनी, टाळून.

शस्त्रक्रियेसाठी जगभर नावाजलेल्या ग्रंथात आधी मऊ करणे, मग हळूहळू ताणणे आणि त्यानंतर शस्त्र असा क्रम आहे, हे लक्षात ठेवा. मागे गेलेली कातडी मण्याच्या मागे अडकून सूज येते, त्या विकाराला सुश्रुतांनी 'परिवर्तिका' हे वेगळे नाव दिले. तिथेही तूप, शेक, पोटीस आणि मग मणी दाबत कातडी हलकेच पुढे आणणे हाच उपाय आहे. मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याने यादवजी त्रिकमजी आचार्यांनी संपादित केलेली सुश्रुतसंहिता छापली, त्यामुळे हे सगळे आज कुणालाही मुळातून वाचता येते.

एक सावधगिरी मात्र सांगून ठेवतो. हे वाचून घरी नळ्या, काड्या किंवा तुपाचे बोट असले प्रयोग करू नका. त्या काळी यापेक्षा चांगले साधन नव्हते, आज आहे.

राजाची गोष्ट

फायमोसिसचा सर्वांत प्रसिद्ध रुग्ण म्हणून फ्रान्सचा राजा सोळावा लुई याचे नाव घेतात. १७७० मध्ये त्याचे लग्न मारी आंत्वानेतशी झाले आणि पहिले मूल झाले १७७८ च्या डिसेंबरात. मधली वर्षे सगळ्या युरोपात कुजबुज होती. राजाची कातडी घट्ट होती, शेवटी शस्त्रक्रिया केली आणि मग संसार सुरू झाला, ही कथा अनेक पुस्तकांतून फिरली.

पुरावा मात्र उलट बाजूला झुकतो. शस्त्रक्रियेची गरज नाही असे शल्यविशारदांचे मत पडल्याचे राणीने १७७६ मध्ये आपल्या आईला कळवले होते. लुई आपल्या शिकारीची रोजनिशी ठेवत असे. शस्त्रक्रियेनंतर घोड्यावर बसता येणार नाही, पण तसा खंड त्या रोजनिशीत सापडत नाही, असे इतिहासकार दाखवून देतात. नवख्या, बुजऱ्या जोडप्याला सल्ल्याची गरज होती, असेच आज बहुतेकांना वाटते. ही गोष्ट सांगण्याचे कारण असे की आजही लग्नानंतरच्या अडचणींचे खापर अनेक तरुण स्वतःच्या कातडीवर फोडतात आणि तपासणी न करताच ऑपरेशनची तारीख मागतात.

शस्त्राचे शतक

एकोणिसाव्या शतकात चित्र पालटले. १८४६ मध्ये ईथरची भूल आली आणि १८६७ मध्ये लिस्टरने जंतुनाशक पद्धत मांडली. शस्त्रक्रिया सोपी झाली, आणि जे सोपे होते ते जास्त केले जाते.

१८७० मध्ये न्यूयॉर्कमधले नामवंत अस्थिशल्यविशारद लुईस सेयर यांच्याकडे पाच वर्षांचा एक मुलगा आला. त्याचे पाय लुळे पडल्यासारखे होते. सेयरना त्याची कातडी फार घट्ट आणि दुखरी आढळली. त्यांनी सुंता केली आणि काही आठवड्यांत मुलगा चालू लागला, असे त्यांनी लिहिले. घट्ट कातडीमुळे मज्जातंतूंना सतत चेतना मिळते आणि त्यातून शरीरात दूरवर रोग उठतात, असा त्यांचा सिद्धांत होता. सेयर ही साधी असामी नव्हती, पुढे ते अमेरिकन मेडिकल असोसिएशनचे अध्यक्ष झाले. त्यांचे म्हणणे झपाट्याने पसरले. फेफरे, अंथरुणात लघवी होणे, पोटदुखी, चिडचिडेपणा, हस्तमैथुनाची 'सवय', सगळ्याचे मूळ त्या इंचभर कातडीत शोधले जाऊ लागले.

एका मुलाला बरे वाटले म्हणजे कारण सिद्ध झाले, असे होत नाही. पण तेव्हा तुलना करण्याची पद्धत रुजली नव्हती. मोठ्या डॉक्टरांचा अनुभव हाच पुरावा मानला जात होता. परिणाम असा झाला की १९३० च्या दशकात ब्रिटनमध्ये, धर्माचा काही संबंध नसताना, सुमारे एक तृतीयांश मुलांची सुंता होत होती. मुसलमान आणि ज्यू समाजातील धार्मिक सुंता हा वेगळा विषय आहे, त्याबद्दल हा लेख काही म्हणत नाही. इथे प्रश्न फक्त 'रोग' म्हणून केलेल्या ऑपरेशनचा आहे.

राहून गेलेली मोजणी

इतकी ऑपरेशने होत असताना एक साधा प्रश्न बाजूला पडला होता. निरोगी मुलाची कातडी मुळात कोणत्या वयात मागे जाते?

ही मोजणी केंब्रिजचे बालरोगतज्ज्ञ डग्लस गेर्डनर यांनी केली. डिसेंबर १९४९ मध्ये त्यांचा लेख ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. त्यांनी १०० नवजात बाळे आणि पाच वर्षांपर्यंतची सुमारे २०० मुले तपासली. जन्मतः कातडी पूर्ण मागे जाणारी बाळे होती फक्त ४ टक्के. याचे कारण त्यांनी स्पष्ट सांगितले. गर्भात मणी आणि कातडीची आतली बाजू एकमेकांना जोडलेलीच असतात. जन्मानंतर त्यांच्यामधला थर सावकाश सुटत जातो. म्हणजे बाळाची कातडी मागे न जाणे हा रोग नाही, ती वाढीची एक पायरी आहे. दात उशिरा आले म्हणून आपण हिरडी कापत नाही, तसेच हे.

त्याच लेखात आणखी एक आकडा होता. १९४२ ते १९४७ या काळात इंग्लंड आणि वेल्समध्ये या शस्त्रक्रियेशी संबंधित कारणांनी वर्षाला सरासरी १६ लहान मुले दगावत होती. ज्या स्थितीला बहुतेक वेळा उपचारच नको होता, तिच्यासाठी. ब्रिटनमध्ये सरसकट सुंतेचे प्रमाण त्यानंतर उतरत गेले, त्यात या लेखाचा मोठा वाटा मानतात.

तीन वर्षांचा गैरसमज

गेर्डनर यांच्या आकड्यांनुसार तिसऱ्या वर्षापर्यंत ९० टक्के मुलांची कातडी मागे जात होती. हा आकडा पाठ्यपुस्तकांत गेला आणि त्यातून नवा त्रास सुरू झाला. 'तीन वर्षे झाली, अजून मागे जात नाही, म्हणजे काहीतरी बिघडले' असे लोक समजू लागले.

डेन्मार्कचे याकोब ओस्टर यांनी १९६८ मध्ये याचे उत्तर दिले. त्यांनी शाळेतल्या ६ ते १७ वर्षांच्या १,९६८ मुलांच्या अनेक वर्षांच्या तपासण्यांची नोंद मांडली. सहा-सात वर्षांच्या ६३ टक्के मुलांत कातडी कुठे ना कुठे मण्याला चिकटलेली होती. सोळा-सतरा वर्षांच्या मुलांत हे प्रमाण ३ टक्के उरले होते. कातडीचे तोंडच अरुंद असण्याचे प्रमाण सहा-सात वर्षांत ८ टक्के होते, ते सोळा-सतराव्या वर्षी १ टक्क्यावर आले. १९९६ मध्ये जपानमधून ६०३ मुलांचा अभ्यास आला. त्यात ११ ते १५ या वयोगटातही कातडी पूर्ण मागे जाणारी मुले सुमारे ६३ टक्केच होती.

आईबाबांनो, आजींनो, ही ओळ नीट वाचा : तीन वर्षे ही मर्यादा नाही. पाच नाही, सातही नाही. मुलाला त्रास नसेल तर वयात येईपर्यंत वाट पाहता येते. अंघोळीच्या वेळी तेल लावून जोराने कातडी ओढण्याची पद्धत काही घरांत आहे. तिने कातडीला बारीक चिरा पडतात, त्या भरताना वण येतो, आणि नसलेला फायमोसिस खरोखर तयार होतो. लघवी करताना कातडी क्षणभर फुग्यासारखी फुगते आणि मग लघवी मोकळी होते, तेवढ्यानेही घाबरू नका. कातडीखाली पांढरट गाठीसारखे दिसते तो बहुधा सुटलेल्या पेशींचा साका असतो. तो पू नव्हे, आपोआप बाहेर येतो.

खरा फायमोसिस कोणता?

मग कुठलाच फायमोसिस खरा नाही का? आहे. १९८० च्या दशकात इंग्लंडमधील लिव्हरपूलचे शल्यविशारद रिकवुड यांनी हा फरक ठामपणे मांडला. खऱ्या रोगात कातडीच्या तोंडाशी वण आलेला असतो. तिथे पांढरे, निबर कडे दिसते. कातडी मागे ओढायला गेले तर निरोगी मुलात ती फुलासारखी उमलते, रोगात ते कडे ताठच राहते. त्यामागे बहुधा एक विशिष्ट त्वचारोग असतो, त्याला 'बॅलनायटिस झेरोटिका ऑब्लिटरन्स' असे लांबलचक नाव १९२८ मध्ये मिळाले. आता त्याला 'लायकेन स्क्लेरोसस' म्हणतात. रिकवुड यांच्या हिशोबाने पंधराव्या वाढदिवसापर्यंत अशा रोगाची गरज म्हणून ऑपरेशन लागणारी मुले १ टक्क्याहूनही कमी, ०.६ टक्के होती. प्रत्यक्षात त्याहून कितीतरी जास्त मुलांची ऑपरेशने होत होती.

मलम आले

वण नाही, पण तोंड घट्ट आहे आणि त्रासही होतो, अशा मधल्या रुग्णांचे काय? इथे विसाव्या शतकातले एक औषध कामी आले. १९४८ मध्ये संधिवातासाठी कॉर्टिझोन प्रथम वापरले गेले आणि १९५० मध्ये त्या संशोधनाला नोबेल मिळाले. १९५२ मध्ये त्याच कुळातले हायड्रोकॉर्टिझोन त्वचेवर लावून चालते हे दिसले. सूज उतरवणे आणि जाड, आखडलेली कातडी पातळ व लवचीक करणे, हा स्टेरॉइड मलमाचा गुण. एरवी जो दुष्परिणाम, तोच इथे उपयोगी.

१९९३ मध्ये मेलबर्नच्या आणि स्कँडिनेव्हियातल्या डॉक्टरांनी स्टेरॉइड मलमाने मुलांच्या फायमोसिसवर चांगला गुण येतो असे प्रसिद्ध केले. मग जगभर तुलना करणारे अभ्यास झाले, म्हणजे निम्म्या मुलांना औषधी मलम आणि निम्म्यांना साधे. २०१४ मध्ये कॉक्रेन या संस्थेने अशा १२ अभ्यासांतील १,३९५ मुलांची माहिती एकत्र तपासली. स्टेरॉइड मलम लावलेल्या मुलांत कातडी मोकळी होण्याचे प्रमाण स्पष्टपणे जास्त होते आणि लक्षणीय दुष्परिणाम दिसले नाहीत. सेयर यांच्याकडे एक मुलगा होता, इथे तुलनेसह १,३९५ होते.

उपचाराची सर्वसाधारण पद्धत अशी. डॉक्टरांनी लिहून दिलेले मलम (बहुधा बीटामेथासोन) कातडीच्या घट्ट कड्यावर पातळ थरात, दिवसातून दोनदा, चार ते आठ आठवडे. सोबत कातडी दुखणार नाही इतकीच, हलक्या हाताने मागे घ्यायची. मोठ्या मुलाने हे स्वतःच केलेले बरे, कुठे थांबायचे ते त्यालाच कळते. मागे गेलेली कातडी प्रत्येक वेळी पुढे आणायची, हे विसरायचे नाही. मोकळी झाल्यावरही रोज अंघोळीत पाण्याने धुण्याची सवय ठेवायची, नाहीतर काहींना पुन्हा घट्टपणा येतो.

सुश्रुतांचा 'मऊ करा, हळूहळू ताणा' हा क्रम आठवला का? तत्त्व ओळखीचे आहे. फरक असा की औषध नेमके आहे, आणि ते कुणाला लागते व कुणाला लागत नाही हे आता मोजून माहीत आहे.

दुकानातून आणलेले मलम नको

आपल्याकडे स्टेरॉइड मलमांचा इतिहास फारसा चांगला नाही. गोरे होण्यासाठी, नायट्यासाठी, कशासाठीही ती दुकानातून सहज मिळत. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशा बऱ्याच मलमांना चिठ्ठीशिवाय विक्रीची बंदी केली, तरी नायट्यावरची तीन-चार औषधे एकत्र असलेली ट्यूब आजही घरोघरी सापडते. ती इथे लावू नका. जंतुसंसर्ग असताना स्टेरॉइड लावले तर तो चिघळतो. फायमोसिससाठी मलम ठरावीक दिवसच लावायचे आणि मध्ये एकदा दाखवायचे.

मोठ्या वयात अचानक घट्ट झाली तर

हा भाग चाळिशीपुढच्या पुरुषांसाठी. आयुष्यभर मोकळी असलेली कातडी घट्ट होऊ लागली, टोकाला चिरा पडू लागल्या, खाज आणि लाली वारंवार येऊ लागली, तर पहिली तपासणी रक्तातील साखरेची करा. लघवीतून साखर जाते, तिच्यावर बुरशी वाढते, सूज येते, वण पडतो आणि कातडी आखडते. कित्येकांचा मधुमेह पहिल्यांदा इथेच सापडतो. डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या चालू असतील तर त्या लघवीतून मुद्दाम साखर बाहेर टाकतात, त्यामुळे हा त्रास होऊ शकतो. गोळी स्वतःहून बंद करू नका, पण डॉक्टरांना हे जरूर सांगा. कातडीखाली न भरणारी जखम, गाठ, रक्त किंवा दुर्गंधी असेल तर लाजेपोटी एक आठवडाही घालवू नका. शिश्नाचा कर्करोग क्वचित होतो, पण घट्ट कातडीखाली तो लपून राहतो.

ऑपरेशन कधी लागते?

पांढरे निबर कडे असेल तर, मलमाने गुण आला नाही आणि त्रास चालूच असेल तर, वारंवार जंतुसंसर्ग होत असेल तर, किंवा लघवीला खरोखर अडथळा येत असेल तर. अशा वेळी शस्त्रक्रिया टाळणेही चूकच. काही रुग्णांत सगळी कातडी न काढता फक्त तोंड रुंद करण्याची शस्त्रक्रिया पुरते, तीबद्दल जरूर विचारा.

एक प्रसंग तातडीचा आहे. मागे गेलेली कातडी पुढे येत नाही, टोक सुजून निळसर होत आहे आणि दुखते आहे, ही परिवर्तिका. रात्र असली तरी लगेच रुग्णालय गाठा, सकाळची वाट पाहू नका.

डॉक्टरांकडे गेल्यावर "ऑपरेशन लागेल का?" हा प्रश्न नंतर विचारा. आधी हे विचारा : "कातडी नुसती चिकटलेली आहे, घट्ट आहे, की तिला वण आला आहे?" चिकटलेली असेल तर वाट पाहायची, घट्ट असेल तर मलम, वण असेल तर शल्यविशारद. तपासणीला दोन मिनिटे लागतात आणि मुलाला दुखत नाही.